देवमनचे कान

देवमनचं अर्धं आयुष्य जिनात गेलं. जिन म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढायचा कारखाना. यंत्रं सुरू झाली की शेजारी उभ्या माणसाशीही ओरडूनच बोलावं लागे. ही माणसं मग घरीदारीही तशीच वागतात. लग्नाच्या पंगतीत भात मागायचा तर अशी ओरडतात, की वाढप्याच्या हातून पळी पडते. जिनातल्या आवाजावर एकच उपाय होता. समोरच्या ढिगातली रुई उचलायची, तिचा बोळा करायचा आणि कानात कोंबायचा. देवमनने वर्षानुवर्षं तेच केलं.

मग बोंडअळीचं साल आलं. बोंड उकललं की आत कापसाआधी गुलाबी अळी दिसायची. जिनापुढच्या गाड्यांची रांग आखूड होत गेली, आणि एक दिवस यंत्रं थांबली ती थांबलीच. हिवरखेडच्या बाजारात माणसं दोघं-दोघं उभी राहून हळू आवाजात बोलू लागली. कुठल्या गावात, कुठल्या घरात काय झालं, हे मोठ्याने सांगायला जीभ उचलत नव्हती कोणाची.

देवमन घरी बसला. त्याचा मुलगा कुलदीप नांदगाव पेठेत कापडाच्या कारखान्यात होता. दिवाळीला आला तेव्हा त्याने आपला जुना फोन बापाला दिला. गाणी कशी लावायची आणि पॉडकास्ट कुठे असतात, ते दाखवलं.

"म्हंजे रेडिओच ना बे?"

"रेडिओच, बाबा. पन आपुन म्हनलं तवा बोलते, अन् आपुन म्हनलं तवा गप बसते."

"असं बटन तुह्या मायलेही पायजे होतं."

लीलाबाई, म्हणजे कुलदीपची आई, चुलीपाशी भाकरी थापत होती. ती यावर बरंच काही बोलली. देवमनला त्यातलं काही ऐकू आलं नाही. अलीकडे बायको वयानुसार मवाळ झाली आहे, अशी त्याची समजूत होती.

त्या फोनने देवमनला नवा जन्म दिला. सकाळी भजनं, दुपारी कव्वाली आणि उन्हं कलली की एक खुनाची गोष्ट. ती गोष्ट भागाभागाने यायची. कोकणातल्या एका सरपंचाचा खून झालेला, मागे समुद्राची गाज, आणि एक पुण्याची बाई सावकाश सगळं सांगतेय. समुद्र देवमनने उभ्या जन्मात पाहिला नव्हता. आता तो ओसरीवर डोळे मिटून बसे आणि लाटा अंगावर घेई. खून कोणी केला, या एका प्रश्नाने त्याला जिन बंद पडल्याचा विसर पाडला होता.

आणि नेमकी तेव्हाच ती बाई पुटपुटू लागली.

इयरफोन बिघडला म्हणून देवमन अब्दुल रहीमच्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात गेला. नवा घेतला. आठवड्याने पुन्हा गेला.

"रहीमभाई, हाही तसाच निंगाला. बाईचं अर्धं बोलनं गिळून टाकते."

अब्दुल रहीमने इयरफोन स्वतःच्या कानात घातला. "भाऊ, साफ आवाज हाय."

"तं मंग ती बाईच तोंडातल्या तोंडात बोलते. पुन्याची हाये ना."

अब्दुल रहीम हसला नाही. तो देवमनच्या पाठीमागे जाऊन उभा राहिला आणि काहीतरी बोलला. मग समोर आला.

"काय म्हनलं म्या?"

"तुमी कुठं काय म्हनलं?"

अब्दुल रहीमने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "देवमनभाऊ, डाक्टरले दाखवा."

देवमनला मात्र एकाएकी उलगडा झाला. बोळा! एखाद्या संध्याकाळी घाईत काढायचा राहिला असणार. वर दुसरा कोंबला, त्याने पहिला आत ढकलला. बस, एवढंच तर आहे! या शोधाने तो इतका खूश झाला, की जिनातल्या जुन्या सोबत्यांना घरोघरी जाऊन सांगून आला. त्यातल्या दोघांनी आपापल्या कानात बोटं घालून पाहिली.

लीलाबाईला घेऊन तो एसटीने अकोल्याला गेला. डॉक्टरांच्या खुर्चीत बसल्या बसल्या म्हणाला, "सायेब, जुना बोळा हाये. आरामात काढा, घाई नाही."

डॉक्टरांनी एक कान पाहिला, दुसरा पाहिला. मग त्याला काचेच्या खोलीत बसवून कसकसले आवाज ऐकवले. बाहेर आल्यावर ते लीलाबाईशीच बोलू लागले. देवमन त्यांच्या ओठांकडे बघत राहिला.

"काय म्हनते? निंगते का?"

लीलाबाईने त्याच्या कानाशी तोंड नेलं. "कानात काईच नाही, जी."

"नीट पाहाले सांग त्याइले."

"पाह्यलं. कान साफ हायेत. आतल्या नसा मेल्या. जिनाच्या आवाजानं."

देवमन थोडा वेळ खुर्चीचा हात चाचपत बसला. डॉक्टरांनी एक कानाचं यंत्र लावून पाहिलं. टेबलावर पेन पडलं, बाहेर कोणी खोकलं, पंखा फिरला. ते सगळं एकदम आत घुसलं आणि शब्द तेवढे चुरडून गेले. देवमनने घाईघाईने यंत्र काढून टेबलावर ठेवलं.

"जिन सुरू झालं," तो म्हणाला.

परतीच्या एसटीत देवमन पुन्हा पुन्हा लीलाबाईच्या तोंडाकडे पाहत होता. आपली बायको मवाळबिवाळ काही झालेली नाही, हे त्याला उमगलं होतं. तिच्या बोलण्याचं काय काय आपण इतकी वर्षं हरवून बसलो, याचा त्याला हिशेब लागेना.

दोन दिवस फोन कोनाड्यात पडून राहिला. तिसऱ्या दिवशी उन्हं कलल्यावर देवमनने तो लीलाबाईपुढे ठेवला. ती तूर निवडत होती.

"आता तू आयक. अन् मले सांग."

"मले कामं नाहीत का?"

"तूर कानानं निवडतं का?"

लीलाबाईने इयरफोन विंचू धरावा तसा धरून कानात घातला. पहिल्या दिवशी तिने सांगितलं, "बाई बोलून राह्यली." दुसऱ्या दिवशी तिला सरपंचाची बायको आवडेनाशी झाली. त्यानंतर मात्र ती सगळं नीट सांगू लागली. सांगायची अर्थात ओरडून. त्यामुळे समुद्रकाठचा तो खून अख्ख्या गल्लीला पाठ झाला, आणि भिंतीपलीकडून माणिकबाई नवनवे संशयित सुचवू लागली.

शेवटचा भाग आला. लीलाबाईच्या हातातली तूर हातातच राहिली.

"कोन? कोन वं?"

"साळा!" ती ओरडली. "सरपंचाचा साळा! म्या पयलेच म्हनलं होतं."

"तुले कसं कळलं?"

"लय गोड बोलते मेला."

देवमनने ते "लय गोड" मनात घोळवून पाहिलं. तो आवाज कसा असेल, हे त्याला जमवता येईना.

गोष्ट संपली होती, तरी लीलाबाईने इयरफोन काढला नाही. फोनने आपणहून पुढचं काहीतरी लावलं होतं. तिची मान हळूहळू हलू लागली. आधी जराशी, मग सुपातल्या तुरीसकट.

"आता काय हाये?"

"गानं."

"कसं हाये?"

लीलाबाईने तोंड उघडलं आणि मिटलं. खून सांगता येत होता, साळा सांगता येत होता. हे कसं सांगायचं, ते तिला कळेना.

"चांगलं हाये!" शेवटी ती ओरडली.

देवमनने मान डोलावली आणि ओसरीच्या खांबाला टेकून तिच्या मानेकडे पाहत बसला. मान डावीकडे जाई, उजवीकडे येई, मध्येच एका जागी थबके आणि पुन्हा निघे. मग ती थांबली. देवमन आणखी थोडा वेळ थांबला, आणि गाणं संपलं असं समजून उठला.