गुळाचा खडा

माझ्या सासूबाई, यमुताई, स्वयंपाक करताना काही चाखत नाहीत. नैवेद्याआधी जिभेवर कण ठेवायचा नाही, हे त्यांचं माहेरचं वळण. मीठ कमी की जास्त, ते त्या वाफेच्या वासावरून सांगायच्या. प्रताप नगरातल्या किती घरची कार्यं त्यांनी अशी निव्वळ नाकाच्या भरवशावर पार पाडली, आणि त्याचा तोराही मिरवला.

मागच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला आणि जाताना वास घेऊन गेला. त्या कोणालाच बोलल्या नाहीत. एकदा गॅसवर दूध करपत होतं आणि त्या शेजारीच निवांत वाटाणे सोलत बसल्या होत्या, तेव्हा मला कळलं. तेव्हापासून मी एक पाप सुरू केलं. त्यांची पाठ फिरली की चमचाभर चाखायचं आणि कमी असेल ते घालायचं. त्यांना समजलं असतं तर त्यांनी त्याच दिवशी पळी खाली ठेवली असती. मग ही बाई दिवसभर घरात काय करणार, या विचारानेच मला थकवा यायचा. तसा तो येतोच. आठवडाभर शाळेतली नोकरी, आणि रविवारी ही गंज-पातेल्यांची वरात.

जानेवारीत बेसाला राहणाऱ्या, ओळखीतल्या मिनलकडच्या दुपारच्या जेवणाचा स्वयंपाक आमच्याकडे होता. पाहुणे दहा. सांबारवडी, गोळाभात, तुरीच्या ओल्या सोल्यांची आमटी, आणि शेवटी इकडच्याच संत्र्यांची गोड वाइन. आमटीला उकळी आली आणि यमुताई पाणी प्यायला वळल्या. मी चाखली, मीठ कमी होतं, टाकलं. मग त्यांनी ओट्यावर वाटीत गुळाचा खडा ठेवला आणि भोवती पाणी फिरवलं. पूर्वी भरल्या पानाचा नैवेद्य असायचा. गेलं वर्षभर नुसता गूळ. वय झालं, कंटाळल्या असतील, असं मी धरून चालले होते.

जेवणं झाल्यावर मिनलने त्यांना हाताला धरून टेबलाशी बसवलं.

"काकू, एकच घोट. तुमच्या काटोलकडचीच संत्री आहेत."

एरवी दारूच्या दुकानासमोरून जाताना त्या नाकाला पदर लावतात. पण माहेरचं नाव निघालं, म्हणून पेला घेतला. पाहुणे वास शोधत होते. कुणाला सालीचा येत होता, कुणाला मधाचा.

"तुम्हाला कशाचा येतो, काकू? तुमच्यासारखं नाक इथे कोणाचं आहे?"

त्यांनी पेला बराच वेळ नाकाशी धरला.

"गोड आहे," त्या म्हणाल्या.

"चव नाही, वास."

"फुलांचा," मी मधेच बोलले. "संत्र्याच्या बहराचा. आई मघाशीच म्हणाल्या मला."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, एक घोट घेतला आणि पेला ठेवून दिला.

परतताना ऑटोत पातेली पायाशी घेऊन दोघी बसलो. मी इतकी दमले होते की डोळे आपोआप मिटत होते.

"हर्षा, आमटीत आज किती टाकलं वं?"

"काय, आई?"

"मीठ."

खोटं बोलायलाही अंगात जोर लागतो. "अर्धा चमचा," मी म्हणाले. "तुम्हाले कधीपासून मालूम आहे?"

"पहिल्या दिवसापासून. मागं वळून पाहिलं का चमचा ओला राहे."

"मग बोलल्या काहून नाही?"

"बोलली असती तर स्वैपाक सोडा लागला असता. मले सोडाचा नव्हता." त्या बाहेर बघत राहिल्या. "देवाले मात्र उष्टं कसं ठेवू? म्हणून गूळ."

वर्षभर मी समजत होते की मी त्यांना सांभाळतेय. मला रडू आलं आणि थोडी लाजही वाटली.

"त्या वाइनले खरंच बहराचा वास होता?" घर जवळ आलं तेव्हा त्यांनी विचारलं.

"होता."

"आमच्या बागेत येत होता तसा?"

त्यांची माहेरची संत्र्याची बाग माझ्या लग्नाआधीच विकली गेली होती. मी ती कधी पाहिलीही नाही.

"तसाच," मी म्हणाले.

"मग झालं," असं म्हणून त्यांनी माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.