मावशीची म्हैस, आमचा गोठा

मी गोठ्यात वाढले. थट्टा नाही करत, तशी सरकारी नोंद आहे. चिंचणीला रस्त्याच्या कडेला, चिकूच्या वाडीला लागून, आमची एक कौलारू खोली होती. पुढे ओटी, मागे चूल. बाबा मी लहान असतानाच गेले, तेव्हापासून त्या खोलीत आई आणि मी, दोघीच. ग्रामपंचायतीच्या घरपट्टीच्या रजिस्टरात त्या खोलीपुढे लिहिलेलं होतं, 'गुरांचा गोठा'. आणि गुरं म्हणाल तर आमच्याकडे साधी कोंबडीसुद्धा नव्हती.

ही अक्कल आईची. गोठ्याला घरपट्टी लागत नाही, असं तिने कुठेतरी ऐकलं होतं. आईने एकदा ऐकलं की झालं, मग ब्रह्मदेव आला तरी ती मागे हटायची नाही. पंचायतीचा माणूस अधूनमधून आकारणीला यायचा, म्हणजे घरं मोजून, भिंत मातीची की विटांची ते बघून पट्टी ठरवायला. तो आळीच्या तोंडाशी दिसला की आमच्याकडे धावपळ. अंथरुणं माळ्यावर, भांडी पिंपात, देव टोपलीत आणि टोपलीवर फडकं. मग आई कुंपणावरून शेजारच्या मावशीला हाक मारायची, "म्हैस आण गो, आला तो!"

ही मावशी नात्यातली नव्हे, शेजारीण. पण आईला सख्खी बहीण असती तरी तिने एवढं केलं नसतं. ती म्हैस ओढत आणायची, आमच्या खोलीत खुंटीला बांधायची, पुढ्यात पेंढा टाकायची आणि दारात कमरेवर हात ठेवून उभी राहायची. माणसाने फाइल उघडली की हिचं सुरू, "गोठा हाय साहेब, गोठाच. म्हैस माझी हाय." एकदा चुलीवर आमटी उकळत होती. त्याने नाक वर करून वास घेतला. मावशी म्हणाली, "म्हशीचं आंबोण शिजतंय." आमटीला लसणीची फोडणी होती! त्या बिचाऱ्याने तसंच लिहून घेतलं आणि गेला.

तो गेल्यावर दोघी पोट धरधरून हसायच्या. मला नाही यायचं हसू. मी दप्तर घेऊन चिकूच्या झाडाखाली लपलेली असायचे आणि माझा नुसता संताप व्हायचा. म्हैस गेली तरी तिचा वास अंथरुणाला राहायचा. शाळेत पोरी नाकाला रुमाल लावायच्या. मी आईला म्हणायचे, "भरून टाक ना एकदाची पट्टी, मेली किती असेल!" आई म्हणायची, "तुला काय कळतंय? बापासारखीच उधळी तू."

पुढे मी बोईसरला कारखान्यात कामाला लागले, तिथेच फ्लॅट घेतला. आईला म्हटलं, चल. ती म्हणाली, "माझं मढं ह्याच दारातनं निघंल." दर वेळी हेच. शेवटी मी हात टेकले. रविवारी मीच जायचे, कौलं शाकारून घ्यायचे, तिची बोलणी खायचे आणि परत यायचे. खरं सांगायचं तर आई त्या खोलीत शोभायची. ओटीवर बसून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ती नाव घेऊन हाक मारायची. बोईसरला कोणाला हाक मारणार होती?

मग रस्ता रुंद व्हायचं ठरलं. मोजणीवाले आले आणि आमच्या ओटीच्या खांबावर लाल रंगाची फुली मारून गेले. ज्याचं राहतं घर जाईल, त्याला गावातच पलीकडच्या अंगाला दुसरं घर मिळणार होतं. गोठा, कुंपण, विहीर यांची नुसती भरपाई. हे ऐकलं आणि मला रजिस्टरातला तो गोठा आठवला. आईला काहीच वाटलं नाही. ती म्हणाली, "मिळंल की घर. आमी राहतो ते काय कोणाला दिसत नाय?"

मी आधी मोबाइलवर आमच्या खोलीची नोंद शोधली. आईचं नाव टाकलं, आडनाव टाकलं, काना मात्रा बदलून बघितलं, काही सापडेना. शेवटी रजा टाकून पंचायतीत गेले. तिथल्या कारकुनाने घरपट्टीचा उतारा काढून दिला. पहिल्या रकान्यात मालमत्तेचा क्रमांक, मग मालक, तिथे बाबांचं नाव, गेलेल्या माणसाचं, तसंच. मग भोगवटादार, म्हणजे आत खरोखर कोण राहतं ते. तिथे आडवी रेघ. आणि पुढे वर्णन, 'गुरांचा गोठा, कौलारू'. आईचं नाव कुठेच नाही. त्या रेघेवर बोट ठेवून मी उतारा परत कारकुनापुढे सरकवला.

कारकून बरा माणूस होता. मी म्हटलं, "हे चुकीचं आहे हो, तिथे माझी आई राहते." त्याने विचारलं, मग इतकी वर्षं तक्रार का नाही केलीत? काय सांगणार, कपाळ! मी म्हैस सांगितली. तो हसला नाही. त्याने मला समजावलं की मातीच्या भिंतीच्या जुन्या घराला घसारा मिळतो, म्हणजे घर जितकं जुनं तितकी किंमत कमी धरतात आणि पट्टीही उतरते. "राहतं घर म्हणून लावलं असतं ना ताई, तरी नावालाच आली असती पट्टी." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोणावर काढणार ती?

आईच्या नावाने हरकतीचा अर्ज केला. पुरावे मागितले. विजेचं बिल आमच्याकडे नव्हतं, कारण गोठ्याला कोण मीटर देणार म्हणून आईने मावशीकडून वायर ओढून दिवा लावला होता. रेशनकार्डावर नुसतं गावाचं नाव, मतदार कार्डावरही तेच. खिडकीवरचा माणूस म्हणाला, "गावात राहतात हे कळलं. या चार भिंतींत राहतात हे कुठे आहे?" शेवटी ठरलं की एक साहेब जागेवर येऊन पाहणी करतील आणि शेजाऱ्यांचा जबाब घेतील. जुन्या शेजाऱ्याचा. बाकीची घरं आता बाहेरून आलेल्या लोकांची, चाळीतल्या भाडेकरूंची. जुनी म्हणावी अशी मावशीच.

मावशी आता थकली होती. म्हैस कधीच गेली होती. मावशीचं बोलणं कधी जागेवर असायचं, कधी नसायचं. पण आईला ती विसरली नव्हती. आदल्या संध्याकाळी मी तिच्यापाशी बसले, हात हातात घेतला, सगळं सांगितलं. मावशी, उद्या साहेब येईल, त्याला सांगायचं की माझी आई इथेच राहते, पहिल्यापासून राहते. ती म्हणाली, "सांगेन गो. तुझ्या आयशीसाठी सांगणार नाय तर कोणासाठी?" मी दोनदा वदवून घेतलं.

सकाळी आईने ओटी सारवली. या वेळी काही लपवलं नाही. खाट मधोमध, तिच्यावर माझी जुनी चादर, देव कोनाड्यात, चुलीवर चहा. आईने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आयुष्यात पहिल्यांदा ती पंचायतीच्या माणसाची वाट बघत होती.

साहेब तरुण होता, अदबीने बोलणारा. त्याने खाट बघितली, चूल बघितली. म्हणाला, "आज राहतात हे दिसतंय, आजी. पण मोबदला जाहीर झाला की लोक गोठ्यातसुद्धा खाटा टाकतात हो. आधीपासून राहत होता का, तेवढं मला हवंय." मग तो मावशीकडे वळला. ती भिंतीला टेकून बसली होती. त्याने काखेतली फाइल काढून उघडली.

फाइल उघडल्याबरोबर मावशी उठली. कोणाच्या आधाराशिवाय उठली. दारात जाऊन तिने कमरेवर हात ठेवले आणि तोच जुना खणखणीत आवाज निघाला, "गोठा हाय साहेब, गोठाच. म्हैस माझी हाय."

मी किंचाळलेच. "मावशी, अगं काय बोलतेस! काल काय सांगितलं मी?" तिने माझ्याकडे बघितलंच नाही, ती आईकडे बघत होती. तोंडभर हसू. माझ्या लहानपणी आकारणीवाला गेल्यावर दोघी हसायच्या ना, तेच हसू. नीट झालं ना गो, असं विचारत होती ती.

आईने तोंड उघडलं. मला वाटलं, आता ती बोलणार, ओरडणार, आमी काय जनावरं हाय का म्हणणार. आईने पुढे होऊन मावशीचा हात धरला, तिला खाटेवर बसवलं आणि म्हणाली, "बरोबर बोललीस, बाय. बरोबर बोललीस."

साहेबाने लिहून घेतलं. मी त्याच्यामागे रस्त्यापर्यंत भांडत गेले, हातापाया पडले, मग पुढे कचेरीतही वर्षभर भांडले. रेकॉर्ड गोठा म्हणतं, शेजारीण गोठा म्हणते, अर्जदार स्वतः हो म्हणते, मी काय करू, हेच उत्तर. त्याचं चुकलं असंही मला छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही. आईवर मी चिडले, खूप चिडले. "एक शब्द बोलली असतीस तर?" ती म्हणाली, "तिला खोटी पाडू? माझ्यापायी जलमभर खोटं बोलली ती."

खोली पाडली तेव्हा आई बघायला गेली नाही. पुढच्या पावसाळ्यात मावशी गेली. तेही आईला उशिरा कळलं, कारण तोवर ती बोईसरला माझ्या फ्लॅटमध्ये होती.

परवा आमच्या बिल्डिंगमध्ये पंचायतीचा माणूस आला, फेरआकारणीला. दारात उभा राहून त्याने फाइल उघडली आणि विचारलं, घरात राहतं कोण? मी मुद्दाम मोठ्याने म्हटलं, "मी आणि माझी आई. आईचं नाव लिहा." नाव सांगायला आईला हाक मारावी म्हणून आत वळले, तर तिच्या खाटेवर गादी नव्हती. उशी नाही, चादर नाही, उशाशी ठेवलेली तिची औषधंसुद्धा नाहीत. नुसती उघडी खाट.

तो गेल्यावर सापडली. बाल्कनीत, वॉशिंग मशीनच्या मागे, गुंडाळलेली गादी पोटाशी धरून जमिनीवर बसली होती.

"गेला का गो तो?"

"आई, अगं इथे लपायचं नाही. इथे तुझं नाव लिहून घेतलं मी."

ती गादीला धरूनच उठली. "इथं कशाला लिवलंस?" म्हणाली. "लिवायचं तर तिथं लिवायचं होतं."