अक्कांचा आवाज

दर रविवारी दोंडाईच्यात आम्हा पोरींना स्वसंरक्षण शिकवणाऱ्या अक्का एरवी एसटीत कंडक्टर आहेत. क्लास त्यांनी स्वतःच्या डोक्याने बसवलाय, आणि तो सगळा गाडीतल्या गर्दीतून आलाय. पाय रोवून उभं राहायचं, कोपर बाहेर काढायचं, पिशवी पुढे घ्यायची. आम्हाला लाथा शिकायची घाई होती, तर त्यांनी महिनाभर नुसतं ओरडायला लावलं. "लाथ मंग. पहिले बोंब मार, पोरी!"

त्यांची पाठ वळली की मी त्यांची नक्कल करायचे. हनुवटी वर, एक डोळा बारीक. "ए भो, मांगे सरक! बठ्ठा लोक देखी ऱ्हायनात!" पोरी हसून लोळायच्या.

मग एकदा धुळ्याच्या स्टँडवर एकाने माझं मनगट धरलं. माझा आवाज कुठे गेला देव जाणे, तोंडातून निघाला तो अक्कांचा. अख्खं स्टँड वळून बघायला लागलं, आणि तो हात सोडून पळाला.

रविवारी मी त्यांना सगळं सांगितलं, नकलेसकट. "नक्कल माले ठाऊक शे," एवढंच म्हणाल्या, आणि माझं मनगट उलटंपालटं करून बघितलं.

आता नव्या पोरींचा पहिला धडा मी घेते, अक्कांची नक्कल. अक्का मागून ओरडतात, "हनुवटी आखो थोडी वर कर वं! मी इतली भित्री दिखस का?"