भाऊबीजेचं विमान

मी चौथीपर्यंत शिकलो. फिरवून लिहायला येत नाही, म्हणून सरळ लिहितो. बायकोला मी चार वर्षांहून जास्त फसवलं. ती आता नाही.

आमचं घर शिरोड्याला, किनाऱ्यालगत. मी रापणीचं जाळं ओढायला जायचो, ती मासे विकायची. तिचं माहेर तेरेखोलच्या खाडीपलीकडे, गोव्यात. तेव्हा तिकडे पोर्तुगीज होते. नाकेबंदी झाली आणि अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं माहेर तिला परदेश झालं. तिचा एकुलता भाऊ तिकडच्या नव्या विमानतळावर खडी फोडायला होता. तिथे पोर्तुगीज कंपनीचं विमान आठवड्यातून एकदा यायचं. आपल्या हद्दीवरून येणं नको म्हणून लांब समुद्रावरून जायचं. आम्हाला किनाऱ्यावरून दिसायचं.

एका सकाळी चोरून ये-जा करणारा होडीवाला रापणीवर आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुझो मेव्हणो गेलो रे. तापान. धा दीस झाले."

बायकोला आठवा महिना होता. आधीची दोन पोटातच गेली होती. मी तसाच समुद्रात शिरलो, डोकं बुडवून सुतकाची आंघोळ केली आणि ओल्या कपड्यांनी घरी आलो.

"तो होडयेवालो काय सांगत होतो?" तिने विचारलं.

"तुझो भाव इमानार कामाक लागलो. आफ्रिकेक गेलो."

कुठून सुचलं कोण जाणे. ती हसली. मुलगी झाली. मग सांगू म्हटलं, तर ती अंगावर पाजत होती. मग राहिलं ते राहिलंच.

त्या वर्षी भाऊबीजेला, भाऊ जवळ नसला की बायका करतात तसं, तिने चंद्राला ओवाळलं. पुढल्या वर्षी कंपनीने फेऱ्या वाढवल्या. एकीच्या तीन झाल्या, आणि नेमकी भाऊबीज विमानाच्या दिवशी आली. संध्याकाळी ही तबक घेऊन वाळूत उभी.

शेजारीण म्हणाली, "गो, भावान ओवाळणी वरसून टाकली तर झेलतलंस कशी?"

"पदर आसा मा," ही म्हणाली.

वाऱ्याने निरांजन दोनदा विझलं. काड्यापेटी माझ्या हातात होती. दोन्ही वेळा मीच पेटवून दिलं. लाल दिवा लुकलुकत दक्षिणेला गेला. ती मेलेल्या भावाला आयुष्य मागत होती. अशा चार भाऊबीजा झाल्या.

जाळं ओढताना विमानाचा आवाज आला की मी मान वर करत नसे. मेव्हणा वर बसलाय, खाली माझ्याकडेच बघतोय, असं वाटायचं. अजून वाटतं.

गोवा सुटला, नाका उघडला. ती मुलीला घेऊन माहेरी निघाली. जाळं फाटलंय म्हणून मी गेलो नाही. जाळं धड होतं.

तिसऱ्या दिवशी आली. बोचकं खाली ठेवलं.

"तुमका ठावक होता."

"होता."

"तेवा आंघोळ केलास?"

"केलंय. समुद्रात."

"माका ती पण करूक देवक नाय तुमी."

विहिरीवर जाऊन तिने नेसत्या लुगड्यानिशी डोक्यावर पाणी ओतून घेतलं. मी रहाट ओढायला गेलो. तिने दोर सोडला नाही.

त्यानंतर भांडण नाही, अबोला नाही. जेवायला गरम वाढायची. पण मी काही सांगितलं की ते दुसऱ्या कोणाला तरी विचारून यायची. होडी लागली म्हटलं तर स्वतः जाऊन बघायची. आयुष्यभर हेच.

शेवटच्या दुखण्यात डॉक्टरने मला बाहेर बोलावून काय ते सांगितलं. मी आत गेलो.

"काय म्हणालो दाक्तर?"

"बरा होतला म्हणालो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, आणि मुलीला हाक मारली.