मानांकनाचे सहा खड्डे

त्या फाइलवरची सही माझी आहे. कुणी धाक दाखवून घेतली नाही. टेबलावर कागद आला, मी वाचला, आणि जे लिहिलंय ते खोटं आहे हे माहीत असून सही केली.

मी आष्ट्याची. कराडला इंजिनिअरिंग केलं आणि सांगलीतल्या एका बांधकाम कंपनीत लागले. पहिली चार वर्षं साइटवर उन्हात गेली. मग कंपनीचे मालक, आम्ही त्यांना साहेब म्हणायचो, पुण्याला कसल्याशा परिषदेला जाऊन आले. पर्यावरण जपणाऱ्या इमारतीला भाव जास्त मिळतो, बँक कर्ज स्वस्तात देते आणि बाहेरचे गुंतवणूकदार आधी तेच विचारतात, असं त्यांना तिथं कळलं होतं. आल्याबरोबर त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं आणि नव्या वसाहतीला हरित मानांकन मिळवून द्यायचं काम माझ्याकडे दिलं. मला फार आनंद झाला. कॉलेजात मी याच विषयावर प्रकल्प केला होता. त्या संध्याकाळी घरी आईला फोन करून मी अर्धा तास तेच सांगत बसले.

सांगलीत विश्रामबागच्या पुढं चार इमारती उभ्या राहत होत्या. गच्चीवर सोलर होतं, सांडपाणी साफ करून बागेला द्यायचं होतं. पण मानांकनात सगळ्यात जास्त वजन होतं ते पावसाच्या पाण्याला. चारी गच्च्यांवरचं पाणी सहा खड्ड्यांतून जमिनीत मुरवायचं, म्हणजे बोअर आटणार नाहीत.

खड्डे पाडायला जत भागातले एक मामा आले. पन्नाशी उलटलेले, धनगर. त्यांचे वडील मेंढरं घेऊन फिरले, हे विहिरी खणत फिरले. नकाशात खड्ड्यांची खोली आठ फूट लिहिली होती, आणि नकाशा माझाच होता. आठ फुटांवर गेल्यावर मामांनी मला खाली बोलावलं, हातात मातीचा गोळा दिला.

"बगा ताई, अजून काळीच हाय. हितं पानी नुसतं साचंल, मुरायचं न्हाई. मुरूम लागस्तवर जाऊ द्या."

मी जाऊ दिलं. चौदा फुटांवर मुरूम लागला. मामांनी तळाला मोठे गोटे, वर खडी, वर वाळू असं भरलं. वाळू चाळून, धुऊन घेतली. मजूर कंटाळले, मामा नाही. मानांकनाचे लोक तपासणीला आले तेव्हा आम्ही एका खड्ड्यात टँकर रिकामा केला. पाणी बघता बघता खाली गेलं. तपासणीसाने मान डोलावली, मी मामांकडे बघितलं. ते विडी पेटवत होते.

मानांकन मिळालं. दर वाढवला तरी फ्लॅट दिवाळीच्या आत संपले. कंपनीच्या वार्षिक अहवालात एक पूर्ण पान या वसाहतीवर होतं, त्यातल्या फोटोत खड्ड्याच्या झाकणाशेजारी मी उभी होते. बँकेने पुढच्या कामाला कमी व्याजाने पैसे दिले.

मग साहेबांच्या लक्षात आलं की सहापैकी पाच खड्डे मोक्याच्या जागी आहेत. त्यांच्या झाकणांवर गाडी उभी करता येत नव्हती. खड्डे नसते तर तिथं पार्किंगच्या जागा निघाल्या असत्या, आणि पार्किंग वेगळ्या दराने विकलं जात होतं. साहेबांनी पाच बुजवायला सांगितले. सहावा गेटजवळचा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसणारा, तो ठेवायचा.

बुजवायचं काम मामांनाच सांगण्यात आलं. ते ऑफिसात आले, चपला बाहेर काढून दारात उभे राहिले.

"मी खणल्यालं मी न्हाई बुजवनार. दुसरा मानूस बगा." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुमी तरी सांगा की त्यास्नी."

मी म्हणाले, बघते. त्यानंतर मामांना आमच्या कुठल्याही साइटवर बोलावलं गेलं नाही. दुसऱ्या टोळीने दोन दिवसांत डबर आणि काँक्रीट टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवले. मी काहीच बघितलं नाही. वर्ष सरल्यावर मानांकनवाल्यांना पाठवायचा 'सर्व यंत्रणा चालू स्थितीत आहेत' असा कागद आला, त्यावर मी ती सही केली. पुढच्या वर्षी पुन्हा केली.

तिसऱ्या उन्हाळ्यात बोअर आटले. वसाहतीत टँकर सुरू झाले. सोसायटीचे सचिव निवृत्त सुभेदार होते, साताऱ्याकडच्या माण भागातले. कंपनीने वाटलेलं रंगीत माहितीपत्रक घेऊन ते ऑफिसात आले. साहेब भेटले नाहीत, म्हणून माझ्यासमोर बसले. त्यांनी सांगितलं की त्यांचं गाव टँकरवर जगतं, आणि पाणी मुरवायची सोय आहे असं वाचून पेन्शनीचा सगळा पैसा त्यांनी या घरात घातला. आवाज चढला नाही.

"मॅडम, खड्डे चालत्यात का न्हाई, एवढंच सांगा."

मी त्यांना बाहेर चहाच्या गाड्यावर नेलं आणि सगळं सांगितलं. सहीचंही सांगितलं. त्यांनी चहा संपवला, कप ठेवला आणि हेच रविवारी सोसायटीच्या सभेत सांगाल का, असं विचारलं. मी हो म्हटलं.

तो आठवडा मी नीट जेवले नाही. लोक अंगावर येतील, पोलिसांत तक्रार होईल, नोकरी जाईल, सगळी तयारी मनाशी केली. मामांना फोन लावला. त्यांना सांगितलं की खड्डे बुजवल्याचं मी उघड करणार आहे. त्यांनी विचारलं, "कुटल्या साइटवरचं म्हनताय ताई?" त्यांनी खणलेले खड्डे बऱ्याच ठिकाणी असेच बुजवले गेले होते.

रविवारी क्लबहाउसमध्ये पन्नासेक लोक जमले. मी उभी राहून सांगितलं. पाच खड्डे कुठे होते ते खिडकीतून बोटाने दाखवलं. पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी, ते बँकेत होते, विचारलं की हे मी बाहेर कुठे बोलले आहे का. मी नाही म्हटलं. सभागृहातला ताण उतरल्यासारखा वाटला. एका बाईंचा फ्लॅट विकायला काढलेला होता, त्या म्हणाल्या की मानांकन गेलं तर दर किती पडेल याचा विचार करा. दुसऱ्याने सांगितलं की त्याने पार्किंगची जागा वेगळे पैसे मोजून घेतली आहे, ती खणू देणार नाही. ठराव झाला की तक्रार करायची नाही, टँकर चालू ठेवायचे, आणि आजचं काही इतिवृत्तात लिहायचं नाही. विरोधात एकच हात वर होता, सुभेदारांचा.

साहेबांना सोमवारी कळलं. ते रागावले नाहीत. हसून म्हणाले, "त्यांनाच नकोय, तर तुम्ही कशाला जिवाला लावून घेता?" आणि मिरज रस्त्याच्या नव्या प्रकल्पाची फाइल माझ्यापुढे सरकवली. मी राजीनामा दिला, त्याचं त्यांना खरंच नवल वाटलं. त्या वर्षी कंपनीचा नफा आजवरचा सगळ्यात मोठा होता. वर्तमानपत्रात साहेबांची मुलाखत आली, शाश्वत विकासावर. मानांकन देणाऱ्यांना मी पत्र लिहिलं होतं. त्यांनी सोसायटीला विचारलं, सोसायटीने सगळं सुरळीत असल्याचं कळवलं, आणि माझं पत्र निकाली निघालं.

सुभेदारांनी पुढच्या वर्षी घर विकलं. घेणाऱ्याला त्यांनी खड्ड्यांचं आधीच सांगितलं, त्यामुळे भाव पाडून द्यावा लागला. त्या सौद्याने शेजाऱ्यांचेही दर खाली आले. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा मी गेले होते. त्यांच्या मजल्यावरची तिन्ही दारं बंद होती, आतून टीव्हीचे आवाज येत होते. कपाट अवजड होतं. एका बाजूला सुभेदार, दुसऱ्या बाजूला टेम्पोवाला आणि मी, असं आम्ही ते चार मजले जिन्याने उतरवलं. लिफ्ट बंद होती. सोसायटीने त्या दिवशी दुरुस्तीला काढली होती.