आईच्या फोटोचे चार कोपरे

भंडाऱ्यात वह्या-पुस्तकं बांधणाऱ्या त्या म्हाताऱ्याचं नाव मी विचारलं नाही. सत्तरच्या दशकात बहिणीच्या लग्नात द्यायचा अल्बम मी त्याच्याकडून बांधून घेतला. वारलेल्या आईचा आमच्याकडे एकच फोटो होता. तो खळीने खराब होईल, या धास्तीने मी दुकानातच बसून राहिलो.

इतर फोटो चिकटवून त्याने हात धुतले, धोतराला पुसले आणि आईचा फोटो कडांना धरून उचलला.

“काहून बसून राहिले भाऊ? पळवून नाही नेत तुमच्या मायले.”

मग काळ्या पानावर कागदाचे चार कोपरे चिकटवून त्यांत फोटो सरकवला. “हिले खळ नाही लावत. पोरीले आठवण आली का हातात घेता आली पाहिजे.”

वरठी स्टेशनावर सासरची गाडी येईपर्यंत बहिणीने तो फोटो दोनदा काढला, दोनदा परत बसवला. मी निर्धास्त घरी आलो.