एक रेणू आणि साहेबांचा उजवा हात

प्रयोगशाळेत त्याला सगळे ‘हात लावू नका’ म्हणत. दिवसभर तो दुसरं काही बोलतच नसे. काम एकच: एका रेणूच्या दोन्ही टोकांना सोन्याचे कण चिकटवायचे, डोळ्यांना सात जन्मांत दिसणार नाहीत एवढे बारीक, आणि त्यातून वीज कशी जाते ते मोजायचं. असे रेणू बसवलेल्या तीनशे चिप्स केल्या, त्यातली एक जगली.

तो सतरा वर्षं हंगामी होता. “मोठ्या साहेबांसमोर ही चिप चालली, की तू कायम,” प्रयोगशाळेचे सर म्हणाले.

“अहो, एवढ्याशा वस्तूच्या भरवशावर आपण घर घ्यायचं?” बायकोनं विचारलं.

“याहून मोठी वस्तू सरांकडे नाहीये गं.”

साहेब आले ते लोकरी स्वेटर घालून. लोकरीनं अंगात वीज साठते, तिची ठिणगी उडाली की चिप खलास. म्हणून त्या खोलीत मनगटाला जमिनीशी जोडलेला पट्टा बांधतात. पण पट्टा एकच, आणि तो याच्या हातात. यानं सरळ साहेबांचा उजवा हात धरला.

“हे काय?”

“आता तुम्हीही जमिनीला जोडले गेलात. मोजमाप संपेपर्यंत सोडू नका.”

पडद्यावर आडवी रेघ. दहा मिनिटं नुसती रेघ.

“मेलंय वाटतं,” साहेब म्हणाले.

“नाही हो. आत एक इलेक्ट्रॉन ठाण मांडून बसलाय, दुसऱ्याला येऊ देत नाही. विजेचा जोर वाढला की सरकेल.”

आणि सरकला! रेघ टुणकन एक पायरी चढली, मग दुसरी. साहेब खूश. सरांनी लगेच कायम करण्याचा कागद पुढे केला. साहेब उजवा हात ओढू लागले, हा सोडेना. शेवटी साहेबांनी डाव्या हातानं सही केली. ती मुंगी शाईत बुडून चालल्यासारखी आली.

कार्यालयातल्या कारकुनानं कागद परत पाठवला: सही जुळत नाही. साहेबांनी फोनवर खरं ते सांगितलं, “सही माझीच. उजवा हात त्यानं धरून ठेवला होता.”

कारकुनानं ते शब्दशः फायलीत लिहिलं. उमेदवारानं हात धरून सही घेतली! चौकशी बसली.

नियम असा, की चौकशी संपेपर्यंत माणसाला कायम करता येत नाही आणि काढताही येत नाही. चौकशीचं हे चौथं वर्ष. चौकशी अधिकारी दोनदा बदलले.

“ती संपणार नाही ना?” बायको अधूनमधून विचारते.

“छे! साहेब अजून खरं तेच सांगतायत, ‘हात त्यानं धरला होता.’”

“मग घ्या बाई घर,” म्हणून ती निर्धास्त झोपते.